लांडग्याची जागा

ट्यूनरने तार पिळत पिळत बरोबर सुरात आणली आणि मग स्वतःच्याच हाताने किंचित उतरवली, तेव्हा निरीक्षकसाहेब पेपरमागे होते. पण त्यांचे कान पेपरमागे नव्हते.

"थांबा," साहेब म्हणाले. "आत्ता 'जुळलं' असं पुटपुटलात."

"हो."

"मग बिघडवलंत का?"

"बिघडवलं नाही, साहेब. किंचित उतरवलं. उतरवावंच लागतं."

साहेबांनी पेपरची घडी घातली. सगळी नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात काढली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला खडा, आतून पोकळ केलेलं वजन, तळ ठोकून वर आणलेलं दुधाचं माप, असं सगळं त्यांनी पाहिलं होतं. पण चहाचा घोट घेत घेत इतक्या शांतपणे गुन्हा कबूल करणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. निवृत्तीनंतर तपासायला घरातली चमचे-घड्याळं तेवढी उरली होती आणि ती सगळी एव्हाना तपासून झाली होती. या बैठकीच्या खोलीत इतकी वर्षं एवढा मोठा पियानो उभा आहे आणि त्याची तपासणी आपण कधीच केली नाही, हे त्यांच्या आज लक्षात आलं. त्यांना मनातून फार बरं वाटलं.

पियानो त्यांच्या बायकोचा. बायकोला सगळा परिसर 'बाई' म्हणत असे, कारण परिसरातल्या निम्म्या लोकांना तिने पियानो शिकवला होता आणि उरलेल्या निम्म्यांना तो भिंतीपलीकडून ऐकावा लागला होता. शिकवलं जन्मभर, पण चार लोकांसमोर स्वतः बसून वाजवलं असं लग्नानंतर एकदाही झालं नव्हतं. ते या रविवारी होणार होतं. बाईंच्या गुरू, मोठ्या बाई, ऐकायला येणार होत्या. बाईंच्या लग्नात याच मोठ्या बाईंनी अक्षरशः जेवता जेवता सांगितलं होतं, "हात चांगला होता हिचा. आता गेला." ते वाक्य बाईंनी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. रविवारी त्यांना ते परत करायचं होतं. आज शुक्रवार होता, ट्यूनर आला होता आणि त्याच्यापुढे चहा ठेवून बाई आमंत्रणं करायला बाहेर गेल्या होत्या.

"हे उतरवणं म्हणजे नक्की काय प्रकार आहे?" साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"असं बघा साहेब. सा धरला आणि त्याचा प लावला. मग त्या प लाच सा धरून पुढचा प लावला. अशा बारा उड्या मारल्या की फिरून पहिल्या सा पाशी यायला पाहिजे. पण येत नाही. जरासं पुढे जातं."

"चूक कोणाची?"

"कुणाचीच नाही. निसर्गाचं तसंच आहे."

"निसर्गाच्या नावावर मला पुष्कळांनी पुष्कळ काही खपवून दाखवलंय. पुढे?"

"मग ते जास्तीचं आम्ही बाराही उड्यांत वाटून टाकतो. प्रत्येकीला चिमूटभर कमी. कुणाला कळत नाही."

साहेब उठून उभे राहिले. "म्हणजे बाजारातल्या बाराही दुकानदारांनी संगनमत करून चिमूट चिमूट मारायचं, आणि गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून ते खरं माप?"

"जगात सगळीकडे हेच चालतं, साहेब."

"हे वाक्य मी नोकरीत रोज ऐकलंय."

इथे ट्यूनरने गप्प बसून आपलं काम उरकायला हवं होतं. पण त्याच्याही मनात एक जुनी हौस होती. त्याने कप खाली ठेवला आणि दार बंद आहे ना ते पाहिलं.

"पूर्वी असं करत नव्हते," तो म्हणाला. "अकरा उड्या अगदी चोख लावायचे. आणि सगळी खोट शेवटच्या एकाच उडीत घालायचे. ती जोडी तेवढी वाजवायची नाही. वाजवली तर ओरडते. आमच्या धंद्यात तिला लांडगा म्हणतात. मी शिकलोय ते. पण आजपर्यंत एका माणसानं मागितलं नाही हो!"

"मी मागतो," साहेब म्हणाले.

"बाईंना विचारून…"

"विचारायचं काय त्यात? तिला भेट आहे ही. जन्मभर भेसळीवर वाजवलं बिचारीनं. रविवारी पहिल्यांदा शुद्ध वाजवेल."

आता प्रश्न एकच उरला. ट्यूनर म्हणाला, "लांडगा ठेवायचा कुठे? बाई ज्या पट्ट्या वापरत नाहीत, तिथे ठेवू."

बाई कुठल्या पट्ट्या वापरतात हे साहेबांना माहीत नव्हतं. पण झीज म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? वजन झिजलेलं असेल तर ते रोज वापरात आहे आणि गुळगुळीत कोरं असेल तर ते फक्त निरीक्षकाला दाखवण्यापुरतं आहे, हा त्यांच्या खात्यातला पहिला धडा. त्यांनी भिंग आणलं आणि पियानोवर वाकून एकेक पट्टी तपासली. पांढऱ्या पिवळट पडल्या होत्या. काळ्यांच्या कडा बोटांनी घासून बोथट झाल्या होत्या. पण मधल्या भागातली काळी दोन आणि काळी चार मात्र कालच कारखान्यातून आल्यासारख्या चकचकीत होत्या.

"या दोन," साहेबांनी बोट ठेवलं. "यांना कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

त्या दोन पट्ट्या बाईंनी इतक्या वाजवल्या होत्या की त्यांच्या टोप्या झिजून निघाल्या होत्या आणि गेल्याच वर्षी सुताराला बोलावून त्यांनी नव्या बसवून घेतल्या होत्या. सुतार दिवसभर ठोकाठोक करत होता. साहेब त्याच खोलीत पेपर वाचत होते.

संध्याकाळी बाई आल्या. साहेब कोपऱ्यात मुद्दाम निर्विकार चेहरा करून बसले. बाईंनी पियानो उघडला, डाव्या हाताने पांढरी एक आणि पांढरी पाच एकत्र दाबल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई! काय चोख लागलाय हो आज!"

साहेबांना आनंद पोटात मावेना. मग बाईंनी रविवारी वाजवायचं होतं ते सुरू केलं. ते सुरूच व्हायचं काळी चारवर, सोबत काळी दोन, आणि संपायचंही तिथेच. बाईंनी दोन्ही हात ठेवले आणि पियानो ओरडला.

बाईंनी हात उचलले. पुन्हा ठेवले. पियानो पुन्हा ओरडला. त्यांनी पांढऱ्यांवर वाजवून पाहिलं, तिथे सगळं स्वच्छ होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला हे कसं ऐकू येतंय?"

"शुद्ध," साहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पियानोऐवजी भांडं पडलं असतं तरी त्यांना फरक कळला नसता.

"तुम्हाला शुद्ध येतंय. म्हणजे माझ्याच कानाला काहीतरी झालं."

या वेळी साहेबांनी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण तोवर प्रकरण हाताबाहेर गेलं होतं, कारण दुपारीच ते खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना, म्हणजे रसिकांना, सांगून बसले होते. गाणं सुरू व्हायच्या आधी 'वा!' म्हणतात म्हणून यांना सगळे रसिक म्हणत. कार्यक्रमाच्या सुरुवातीला या शुद्ध सुरांवर दोन शब्द बोलायचं रसिकांनी कबूल केलं होतं आणि ते दोन शब्द आता चार पानांचे झाले होते. तेव्हा भेट उघडायची ती रविवारीच. साहेबांनी विचार केला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, कानाला सवय होईल. ते एवढंच म्हणाले, "वय झालं की होतं असं कधी कधी."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचीच कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

आता मात्र साहेब हादरले. बायको दवाखान्याच्या वाटेला लागताच त्यांनी ट्यूनरला बोलावलं. "लांडगा हलवा."

"कुठे?"

साहेबांनी या वेळी झिजेवर भिस्त ठेवली नाही. बाईंचं वाजवायचं पुस्तक उघडून त्यात कुठल्या पट्ट्या येतच नाहीत ते ट्यूनरकडून काढून घेतलं आणि लांडगा पांढरी तीन आणि पांढरी सातमध्ये हलवला. ट्यूनर तारा पिळत असताना साहेबांनी त्याला चहा दिला. कप कुठे असतात हे शोधण्यात त्यांचा बराच वेळ गेला.

ट्यूनर जिना उतरला आणि वकीलबाई वर आल्या. या बाईंच्या शिष्या. कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या, पण पियानोपुढे बसल्या की प्रत्येक चुकीला माफी मागणाऱ्या. वर्षभर त्या एकच छोटी चाल घोटत होत्या आणि ती नेमकी पांढरी तीनवर उभी होती.

"बाई येतीलच, तुम्ही सुरू करा," साहेब म्हणाले.

वकीलबाईंनी सुरू केलं. लांडग्याने पहिल्याच घासाला तोंड उघडलं. त्या थांबल्या, पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. वर्षभरात जे थोडं जमलं होतं तेही गेलं, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाईंना सांगा, मी सोडतेय. देवानं मला फक्त भांडायला पाठवलंय."

"अहो, तुमची चूक नाहीये!"

"मग कोणाची?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि समोर वकील आहे हे लक्षात येऊन मिटलं. वकीलबाई पुस्तक तिथेच ठेवून निघून गेल्या. जिन्यात त्यांना रसिक भेटले आणि "वा, आज फारच आर्त वाजलं!" असं म्हणाले. त्यामुळे वकीलबाई आणखीच रडल्या.

साहेबांनी धावत खाली जाऊन ट्यूनरला कोपऱ्यावरच्या थांब्यावर गाठलं. "पुन्हा होतं तिथेच ठेवा. शिष्या गेली एक."

"साहेब, सारखं पिळून खुंट्या ढिल्या होतात. आणि मला बाहेरगावी जायचंय, सोमवारशिवाय परत नाही."

"ठेवा हो! बायकोला मी समजावतो."

ट्यूनरने घाईघाईत लांडगा मूळ जागी आणून ठेवला, उभ्या उभ्या आणखी एक कप चहा घेतला आणि गेला.

बाई परत आल्या त्या वेगळ्याच चालीने. "कान उत्तम आहेत म्हणाले डॉक्टर. तरुण मुलींचे नसतात असे आहेत." पर्स न ठेवताच त्या पियानोपाशी गेल्या आणि शिष्यांच्या चुका शोधतात तशा एकेक जोडी वाजवत निघाल्या. अकरा जोड्या आरशासारख्या स्वच्छ निघाल्या आणि बारावी ओरडली. बाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर दोन उष्टे कप होते. साहेब चहा करू शकतात हे त्यांना आजच कळत होतं, पण कप विसळणं त्यांच्या स्वप्नातही येणार नाही हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

"अहो, ट्यूनर आज किती वेळा आला होता?"

वजनमापे खात्यात मुद्देमालासमोर कुणी नाकबूल जाऊ लागलं तर साहेबांना त्याची दया येत असे. ते सरळ सगळं बोलून मोकळे झाले. उड्या, चिमूट, संगनमत, चोख अकरा, झीज, भेट. शेवटी म्हणाले, "अगं, मी तुझ्यासाठी शुद्ध केलं."

"टोप्या गेल्या वर्षी बदलल्या मी. तुमच्या समोर."

"माझ्या समोर?"

"तुमच्या समोर. पाय वर घ्या म्हणाला सुतार, तुम्ही घेतलेत." बाई खुर्चीत बसल्या. आवाज चढला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं, पण तो चढला नाही. "अकरा जणांना चोख ठेवलंत. सगळं ओझं एकीवर. आणि ती ओरडली की म्हणायचं, वय झालं."

आतल्या खोलीत चिरंजीव कानांवर हेडफोन चढवून ऑफिसचं काम करत होता. घर कोसळलं तरी हेडफोन काढायचा नाही हा त्याचा नियम होता. तो हेडफोन काढून दारात येऊन उभा राहिला.

"आई, कोणाबद्दल बोलतेयस?"

"पियानोबद्दल," बाई म्हणाल्या.

ट्यूनरचा फोन लागेना. गावात दुसरा ट्यूनर नव्हता. कार्यक्रम रद्द करावा तर मोठ्या बाईंना काय सांगायचं, हात गेला म्हणून? बाई पट्ट्यांवर वाकल्या. मग त्यांनी सगळं एक पट्टी खाली सरकवून, काळी चारऐवजी पांढरी पाचवरून वाजवून पाहिलं. लांडगा निजलेलाच राहिला. पण लहानपणापासून बोटांत मुरलेलं असं एका दिवसात सरकवायचं म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याने पंक्तीत डाव्या हाताने जेवण्यासारखं होतं.

रविवारी सकाळी बाई पियानोपुढे बसल्या त्या उठल्याच नाहीत. घर आपोआप चालतं असा साहेबांचा आणि चिरंजीवांचा समज होता, तो सकाळीच मोडला. चहा आला नाही. विचारायची सोय नव्हती, कारण विचारायला गेलं की बाई न थांबता डोळ्यांनीच परत पाठवत. दूध उतू गेलं. केर कुठल्या दिशेने काढतात यावर बापलेकांत मतभेद झाले. खुर्च्या शेजारून आणायच्या राहिल्या होत्या, कप मोजायचे होते, पडदे धुऊन दोरीवर होते ते लावायचे होते.

"बाबा, हे सगळं आई एकटी करते?"

"कुणाला कळत नाही," पडद्याच्या कड्यांत अडकलेले साहेब म्हणाले आणि आपण हे वाक्य कुठे ऐकलं ते आठवून घाईघाईने पुढची कडी शोधू लागले.

संध्याकाळी खोली भरली. मोठ्या बाई काठी टेकत आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. पियानोकडे त्यांनी सावकाराने गहाण दागिन्याकडे पाहावं तसं पाहिलं. रसिक उठले. साहेबांनी त्यांना बोलू नका म्हणून खुणावलं, पण चार पानं लिहिलेल्या माणसाला खूण दिसत नाही.

"आज आपण," रसिक म्हणाले, "एक हरवलेलं सत्य ऐकणार आहोत. आधुनिक काळानं आपले कान बोथट केले. आज इथे लांडगा आहे! तो भयंकर आहे, पण खरा आहे. त्याला सामोरे जाऊ या."

मागच्या खुर्चीवरच्या एका बाईने खुर्चीखाली पाहून घेतलं.

बाईंनी वाजवायला सुरुवात केली, पांढरी पाचवर. स्वच्छ. सूर असा पसरला की खोलीतली कुजबुज थांबली. रसिकांनी डोळे मिटले. "ऐकलंत? ओरडला!" ते शेजाऱ्याला म्हणाले. शेजाऱ्याने मान हलवली. न हलवून कसं चालेल, कार्यक्रम फुकट होता. प्रत्येक गोड जागी रसिक कळवळत होते, मूठ आवळत होते आणि रुमालाने डोळे टिपत होते. लांडगा मात्र अजून आलाच नव्हता.

चाल सरकवली तेव्हा मध्यावर एक जागा नेमकी त्या दोन चकचकीत काळ्यांवर येऊन पडली होती. ती टाळता येत होती. सकाळपासून बाईंनी ती प्रत्येक वेळी टाळली होती. आता त्यांनी मान वळवली, दाराशी ट्रे धरून उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिलं आणि दोन्ही पट्ट्या पूर्ण जोराने दाबल्या.

जन्मभर बेसूर राहिलेल्या साहेबांनाही ते कळलं. ट्रेमधले कप एकमेकांवर आपटले. बाई पुढे गेल्या, इतक्या अलगद, की काही झालंच नसावं. रसिक त्या वेळी रुमालात नाक शिंकरत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

टाळ्या थांबल्यावर मोठ्या बाईंनी काठीने खूण करून बाईंना जवळ बोलावलं.

"एक पट्टी खाली का वाजवलंस?"

"वर जागा नव्हती, मोठ्या बाई."

"कधी बसवलंस हे खालून?"

"आज सकाळी."

मोठ्या बाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "हात गेला म्हणाले होते मी. तुझ्या लग्नात."

"माहितीये."

"मूर्खासारखं बोलले होते." मग त्यांनी काठी उचलून दाराकडे रोखली. "आणि ते मधलं? ते कोणासाठी होतं?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बाईंना काही बोलावं लागलं नाही, कारण साहेब ट्रे घेऊन पुढे आले. "माझ्यासाठी होतं," ते म्हणाले. "बरोबर मापात मिळालं."

सोमवारी ट्यूनर आला. बाई खिडकीपाशी पेपर वाचत होत्या. चिरंजीव पलंगपोसाच्या घड्या घालत होता, चौकोनी कुठलीच नव्हती. वकीलबाई समजूत पटून परत आल्या होत्या आणि बाहेर वाट बघत होत्या. स्वयंपाकघरातून नळाचा आणि कप आपटल्याचा आवाज येत होता.

"साहेब," ट्यूनरने स्वयंपाकघरात डोकावून दबक्या आवाजात विचारलं, "आता लांडगा कुठे ठेवू?"

साहेब ओले हात पुसत बाहेर आले. "वाटून टाका."

"बाराही जणांत?"

"बाराही जणांत. चिमूट चिमूट."

ट्यूनरच्या चेहऱ्यावर थोडं दुःख दिसलं, पण त्याने पिशवीतून तारांत खोचायच्या पाचरी काढल्या. साहेबांनी त्याच्या पुढे चहा ठेवला. त्याने एक घोट घेतला.

"साखर थोडी कमी पडलीय, साहेब."

बाईंनी पेपर खाली केला नाही. "उतरवावीच लागते," त्या पेपरमागून म्हणाल्या. "प्या. सवय होईल."